वाकळीच्या पोटात काय आहे?

माझा मुलगा निखिल पर्थला असतो, ऑस्ट्रेलियात. यंदा मी कायमची त्याच्याकडे चालले आहे. पण त्या मोठ्या प्रवासाआधी मला एक लहान प्रवास करावा लागला. कोल्हापूर ते कोडोली, कोडोली ते मलकापूर आणि परत. तीन दिवस, तीन एसट्या आणि काखेत एक वाकळ. परदेशात सामान पाठवायच्या तयारीत असलेले पुष्कळ जण ब्लॉग वाचतात असं निखिल म्हणतो, म्हणून जे शिकले ते सविस्तर लिहिते आहे. कुणाला उपयोग झाला तर बरंच, नाही झाला तरी मला हे लिहायचंच आहे.

वाकळ म्हणजे गोधडी, आमच्याकडचा शब्द. ही वाकळ ह्यांच्या शर्टांची आहे. हे गेले त्याला अडीच वर्षं झाली. ह्यांचे सगळे चौकड्यांचे शर्ट मी एका गाठोड्यात बांधून हमीदाचाचींकडे दिले होते आणि त्यांनी त्याची वाकळ शिवून दिली. गेलं दीड वर्ष मी रोज तीच पांघरते. घरातलं बाकी सगळं राहिलं तरी चालेल, ही आली पाहिजे, असं मी निखिलला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

सुरुवात झाली ती यादीपासून. सामान जहाजानं पाठवायचं तर प्रत्येक पेटीला नंबर घालायचा, त्या पेटीत काय काय आहे ते एकेक ओळ करून इंग्रजीत लिहायचं. "किरकोळ सामान" असं लिहिलेलं चालत नाही. पॅकिंगवाल्या कंपनीचा इथला माणूस संजय मंगळवार पेठेतल्या माझ्या दोन खोल्यांत मांडी घालून बसला आणि त्यानं मला नियम समजावले. ऑस्ट्रेलियात स्वतःच्या वापरातलं, वर्षभराहून जुनं घरगुती सामान असेल तर त्यावर सहसा कर लागत नाही. नवं कोरं असेल तर किंमत दाखवायची आणि कर भरायची तयारी ठेवायची. पासपोर्टची प्रत, सामानाची यादी आणि तुम्ही स्वतः सही केलेलं घोषणापत्र, हे तीन कागद हवेतच. जहाजाला दोन-अडीच महिने धरून चाला. त्यामुळे रोज लागणारं काही पेटीत टाकू नका, औषधं तर मुळीच नाही.

आणि मग त्यानं खरी गोष्ट सांगितली. "काकू, त्यांना सोन्या-चांदीचं काय पडलेलं नसतंय. ती लोकं किड्याला भितात. लाकूड, बांबू, गवत, बी, धान्य, माती, शेण. ह्यातलं काय बी असलं तर आधी लिवायचं. लिवलं न्हाई आणि घावलं, तर दंड. लिवलं तर बघतात, औषध मारतात, न्हाईतर टाकून देतात. आणि त्येचा खर्च आपला."

मला हसू आलं. मी एकतीस वर्षं टपाल खात्यात पार्सलच्या खिडकीवर काढली आहेत. "आत काय आहे?" हे वाक्य मी जितक्या वेळा म्हटलं असेल तितक्या वेळा देवाचं नावही घेतलं नसेल. लोक बेधडक खोटं सांगायचे. कांदा-लसूण चटणीला "पुस्तकं" म्हणायचे आणि पुस्तकांतून तेल गळायचं. मी पार्सल परत करायची, ओरडायची, आणि माझ्यामागे लोक मला काय म्हणायचे तेही मला ठाऊक होतं. पण खोटा कागद मी एकही पुढे जाऊ दिला नाही. त्यामुळे संजयनं "लिवायचं" म्हटल्यावर मी चष्मा पुसला आणि एकेक वस्तू पुढ्यात घेतली.

पोळपाट लाकडी, पण स्वच्छ आणि भोकं नसलेला, लिहिला. चपलांचे तळवे दातांच्या ब्रशनं घासले. सूप बाहेर काढलं, कारण ते बांबूचं होतंच, शिवाय शेणानं सारवलेलं. संजयनं त्याच्याकडे असं पाहिलं की जणू मी घरात बॉम्ब ठेवला होता. पाटाला एका कोपऱ्यात कीड होती, तोही बाद. असं करत करत वाकळीशी आलो.

"वाकळ, सुती," मी लिहिलं. "वापरलेली. एक."

"आत काय न्हाई न्हवं?" संजय सहज म्हणाला.

मी पेन खाली ठेवलं. कारण आमच्याकडे वाकळ उपाशी ठेवत नाहीत. शिवणारी बाई शेवटचा टाका घालायच्या आधी तिच्या पोटात काहीतरी घालते. कुणी भाकरीचा तुकडा घालतं, कुणी जोंधळ्याचे पाच दाणे. पांघरणाऱ्याला कधी उपाशी निजायची पाळी येऊ नये म्हणून. हमीदाचाची तर ह्या बाबतीत फार कडक. त्या म्हणायच्या, रिकाम्या पोटाची वाकळ माझ्या हातून जायची नाही.

"धान्य असेल," मी म्हटलं.

"आता वो?" संजय म्हणाला. मग इकडेतिकडे बघून, हळू आवाजात, "काकू, पाच दाणं कोण बघतंय? लिवू नका."

हे वाक्य मी खिडकीच्या पलीकडून हजार वेळा ऐकलं होतं. पहिल्यांदाच ते मला पटावंसं वाटलं.

रात्रभर विचार करून ठरवलं, दाणे काढायचे. पण वाकळ काही उशीच्या अभ्र्यासारखी नसते, की उलटी केली आणि झटकली. तिला आत जुन्या साड्यांचे पाच-सहा थर असतात आणि बोटाबोटावर धावदोऱ्याच्या ओळी. दाणे कुठे घातलेत ते चाचींनाच माहीत. चाची पूर्वी आमच्याच पेठेत राहायच्या. नवरा गेल्यावर त्या मलकापूरला लेकीकडे गेल्या. त्यांना फोनवर ऐकू येत नाही. लेक रेश्मानं फोन घेतला, आत जाऊन विचारलं आणि परत येऊन सांगितलं, "अम्मा म्हणत्या, वाकळ घिऊन या. हात लावल्याबिगर मला सांगाय यायचं न्हाई."

पॅकिंगचा टेम्पो पाच दिवसांनी येणार होता. मी दुसऱ्या दिवशी सकाळी निघाले.

जाणाऱ्यांसाठी सांगते, कोल्हापूरच्या मध्यवर्ती स्टँडवरून मलकापूरला थेट गाड्या भरपूर आहेत. रत्नागिरीला जाणारी कुठलीही गाडी चालते. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे वेगळी गाडी करायची गरज नाही. मी मात्र आधी कोडोलीला जायचं ठरवलं, कारण सूप आणि पाट टाकून द्यायला जीव होत नव्हता. कोडोलीत माझ्या मोठ्या नणंदबाई असतात, आम्ही त्यांना आक्का म्हणतो. त्यांच्याकडे ते द्यायचं आणि एक रात्र राहायचं.

कंडक्टरनं गाडीत चढताचढताच अडवलं. "मावशी, गठुळं वर टाका. काय हाय त्यात?"

"वाकळ आहे. मांडीवर घेते."

"आणि त्ये सूप?"

"ते पण."

"लगीन हाय काय घरात?" मागच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्या पावण्यांनी विचारलं.

मी नाही म्हटलं. मग त्यांनी कुठे चालले ते विचारलं. ऑस्ट्रेलियाला म्हटल्यावर त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाले, "मग ह्या गाडीनं कशाला निघालासा?" सगळी गाडी हसली, मीही हसले. नंतर ते म्हणाले की त्यांचा नातू पुण्याला गेलाय आणि त्यालाच ते परदेश म्हणतात.

उसाचे दिवस होते. रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्या रांगेनं, मागून वाटच मिळत नव्हती. गाडीचा वेग बैलगाडीला लाजवणारा. कुठूनतरी गुऱ्हाळाचा गोड धुरकट वास येत होता. हा वास कुठल्या पेटीत घालून नेता येईल, त्याचा रकाना कुठल्या कागदात असेल, असं काहीबाही मनात येत राहिलं. मी अशी हळवी नाही. पण त्या दिवशी होते.

आक्कांनी सूप हातात घेतलं, उजेडात धरलं आणि म्हणाल्या, "चांगलं हाय की. त्यांच्यात जोंधळं पाखडत न्हाईत व्हय?" त्यांचं घर रस्त्याला लागून, मागे जनावरांचा गोठा. जेवायला पिठलं, जोंधळ्याची भाकरी आणि ताजा खर्डा. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या. जेवताना मी त्यांना वाकळीचं सगळं सांगितलं. आक्का अजून जुन्या बायकांसारख्या "मी येतो, मी जातो" असंच बोलतात.

"मी सांगतो तुला," त्या म्हणाल्या, "कायबी लिवू नगंस. वाकळ हाय म्हणायचं आणि गप ऱ्हायाचं. माझ्या भावाच्या वाकळीला लांबची लोकं औषध मारणार? तू टाके उसवणार? उसवलेली वाकळ पुन्ना तशी हुती काय?"

"आक्का, मी एकतीस वर्षं लोकांना..."

"ती नोकरी हुती. ह्यो तुझा नवरा हाय."

आक्कांनी माझ्या ताटात आणखी पिठलं वाढलं आणि भांडी घासायला उठल्या. त्यांनी भावाच्या शर्टांवरून हात फिरवला तो मी झोपले असं समजून. मी जागी होते, पण डोळे मिटून पडून राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्कांच्या मुलानं मला मोटारसायकलवरून रत्नागिरी रस्त्यापर्यंत सोडलं आणि तिथे मलकापूरची गाडी मिळाली. ह्या रस्त्याचं रुंदीकरण चालू आहे, म्हणून जाणाऱ्यांनी तोंडाला रुमाल आणि हातात अर्ध्या तासाचा जादा वेळ ठेवावा. धूळ इतकी, की मी वाकळीवर माझी शाल गुंडाळली. माती लागली तर आणखी एक रकाना भरावा लागेल, ही भीती. बांबवड्याला गाडी थांबली तेव्हा उतरून चहा घेतला, गरम आणि चांगला. वडाही चांगला दिसत होता, पण धुळीमुळे धीर झाला नाही. पुढे झाडी दाट होत जाते, हवेत गारवा येतो, घरांच्या उतरत्या कौलांवरून कळतं की इथला पाऊस वेगळा आहे. घाट उतरला की कोकण, पण मला तिथवर जायचं नव्हतं.

रेश्माचं घर बाजारापासून चालत दहा मिनिटांवर आहे. पुढे लहानसं अंगण, त्यात कोंबड्या आणि एका भिंतीला टेकवलेलं शिलाई मशीन, त्याच्यावर प्लॅस्टिक. हमीदाचाची उन्हात घोंगडं टाकून बसल्या होत्या. पूर्वीपेक्षा खूप लहान दिसल्या. मी वाकळ त्यांच्या मांडीवर ठेवली, तर आधी माझ्याकडे न बघता वाकळीकडेच बघितलं त्यांनी.

"वापरलीस गं," त्या म्हणाल्या. "झिजवलीस. बरं केलंस. लोकं नुसती कपाटात ठेवत्यात."

मी त्यांच्या कानाशी जाऊन मोठ्यानं सगळं समजावलं. पर्थ, जहाज, कागद, किडा. त्यांनी मान डोलावली. मला वाटलं त्या रागावतील, त्यांच्या रिवाजावर कुणी बोट ठेवलंय म्हणून. तसं काही झालं नाही.

"मंग काडायलाच पायजेत की," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याच्या दारात जायचं तर पाय धुवूनच जायचं."

"कुठल्या कोपऱ्यात घातलेत तुम्ही दाणे?"

"मी?" त्यांनी वाकळ चाचपायला सुरुवात केली. डोळे मिटून, दोन्ही पंजे सपाट ठेवून, मधून बाहेर, परत मध्ये. "मी कुटं घातलं? मी दाणं घातलंच न्हाईत, बाई. ह्यात आदीच हुतं."

मला कळेना. चाचींचा हात बरोबर मध्यभागी थांबला, निळ्या चौकड्यांच्या तुकड्याखाली.

"तुझ्या मालकाच्या एका शर्टाच्या खिशात मूठभर जोंधळं हुतं. मी म्हटलं, बाईनं बघून-समजूनच ठेवलं असंल. मंग मी कशाला दुसरं घालू? खिसा तसाच कापला, वरनं तोंड शिवलं आणि मधी ठिवला. मानसाचं आपलं सोताचं अन्न. ह्याच्याहून काय चांगलं घालणार?"

इथे मला थोडं मागे जाऊन सांगायला हवं. हे धान्याच्या पेठेत एका व्यापाऱ्याकडे माल पारखायचं काम करायचे. पोत्यात लोखंडी नळी खुपसून दाणे काढायचे, तळहातावर पसरायचे, एक दाणा दाढेखाली फोडायचा. कडकन फुटला की हमालांना सांगायचं, "कोरडा हाय. भरा." नाहीतर मान हलवून पुढच्या पोत्याकडे. तळहातावरचे उरलेले दाणे मात्र टाकवत नसत, ते खिशात. त्यामुळे चाळीस वर्षं धुण्याला हात घालण्याआधी मी ह्यांचे खिसे उलटे करत आले. जोंधळे, गहू, हरभरे, कधी शेंगदाणे. रोज चिडायची. मोरीच्या जाळीत दाणे अडकून पाणी तुंबायचं. "खिसा आहे का कणगी?" हे माझं ठरलेलं वाक्य होतं, आणि ह्यांचं ठरलेलं उत्तर म्हणजे हसणं.

फक्त शेवटच्या वेळी मी खिसे पाहिले नव्हते. त्या शर्टांना हात लावायची ताकद नव्हती. शेजारणीनं घड्या केल्या आणि मी वर नुसती गाठ मारली.

चाचींनी कातर घेतली नाही. "वाकळीला कातर लावत न्हाईत," म्हणाल्या. सुईच्या टोकानं एकेक टाका उचलायचा आणि दोरा न तोडता मागे ओढून काढायचा. मी पण बसले. दुपार त्यातच गेली. रेश्मानं मधेच जेवायला बोलावलं. नाचणीची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी. ह्या बाजूला आलात तर ती जरूर खा, घाटाखालून बोंबील ताजे वाळलेले येतात. मी घास तोंडात घालत होते, पण लक्ष सगळं अंगणातल्या त्या वाकळीकडे.

चार वाजता खिसा मोकळा झाला. चाचींनी तो माझ्या हातात दिला. "तूच उघड."

मी तोंड उसवलं आणि तळहातावर उलटा केला. मला वाटलं होतं जोंधळे पडतील. पीठ पडलं. राखेसारखं पीठ आणि भोकं पडलेली टरफलं. त्यातून एक काळा टोका, धान्यातला किडा, सावकाश चालत माझ्या अंगठ्यावर आला. दुसरा त्याच्या मागून. खिशाच्या तळाशी कापडाला बारीक छिद्रं पडली होती आणि आतल्या माझ्या जुन्या साडीच्या थरालाही.

मी खूप रडले. तिथेच, अंगणात, रेश्माच्या शेजारणी बघत असताना. मला त्या किड्यांचा राग आला, संजयचा आला, आक्कांचा आला आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. दीड वर्ष मी छातीवर पांघरून झोपत होते आणि आत हे चाललं होतं. मी जर आक्कांचं ऐकून गप्प बसले असते, तर हे किडे समुद्र ओलांडून निखिलच्या दारात उतरले असते आणि तिथवर जायच्या आत वाकळ आतून पोखरली गेली असती. त्या लांबच्या लोकांना माझी वाकळ नको नव्हती. ते फक्त विचारत होते, आत काय आहे. बरोबरच विचारत होते. मीही तेच विचारायची.

चाचींनी मला रडू दिलं. मग म्हणाल्या, "दे इकडं." पण मी दिलं नाही. मीच उठले आणि तळहातावरचं सगळं कोंबड्यांपुढे टाकलं. टरफलं, पीठ, टोके, सगळं. कोंबड्यांनी एका मिनिटात जमीन साफ केली. ह्यांनाही ते चाललं असतं. धान्य वाया गेलेलं त्यांना खपत नसे.

किड्यांची अंडी उरली असली तर मरावीत म्हणून रेश्मानं उघड्या भागाला आणि रिकाम्या खिशाला इस्त्री फिरवली, दाबून, दोन्ही बाजूंनी. वाकळ गच्चीवर उद्याच्या कडक उन्हात टाकायचं ठरलं. आता प्रश्न उरला तो चाचींचा.

"रिकामी कशी धाडू?" त्या म्हणाल्या. "आजवर एक धाडली न्हाई."

मी संजयचा कागद काढून वाचला. धान्य नाही, बी नाही, पान-फूल नाही, लाकूड नाही. मीठ? साखर? खाण्याचं काही असलं की ते लिहावं लागणार. चाचींनी बराच वेळ खिसा हातात फिरवला. छिद्रांवर मागून ठिगळ लावलं. मग वाकळीचा उसवलेला भाग पुन्हा टाके घालून बंद केला आणि खिसा आत न घालता वाकळीच्या वरच्या बाजूला, छातीशी येईल अशा जागी शिवला. तीन बाजूंनी. वरची बाजू उघडी.

"बघू देत त्यास्नी," त्या म्हणाल्या. "उगडा हाय. काय झाकलेलं न्हाई."

"पण उपाशीच की, चाची."

"उपाशी कशानं? तू हात घालशील की त्यात."

तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वाकळ उन्हात होती. दोन वाजताची गाडी धरून मी परत निघाले. चाचींना शिलाईच्या पैशांचं विचारलं तर त्यांनी ऐकूच येत नसल्यासारखं केलं, आणि ह्या वेळी ते खोटं होतं. दारातून निघताना त्यांनी माझे दोन्ही हात धरले. पुन्हा भेट होणार नाही हे दोघींनाही माहीत होतं. तसं त्या बोलल्याही. "आता काय आपली गाठ पडत न्हाई. जा. नीट जा." आमच्याकडे असंच बोलतात, तोंडावर. मला ते बरं वाटलं. कोल्हापुरात उतरले तेव्हा वाकळीला मलकापूरच्या उन्हाचा वास होता.

आता घरी बसून लिहिते आहे. घर म्हणजे सात पेट्या, एक सतरंजी आणि एक प्लॅस्टिकची खुर्ची. उद्या सकाळी टेम्पो येणार. तुमच्यापैकी कुणी निघणार असेल तर माझ्याकडून एवढं घ्या. यादी स्वतः करा, दुसऱ्यावर सोपवू नका. प्रत्येक वस्तू हातात घेऊन आत बघा. पिशव्यांचे कोपरे, बुटांचे तळ, उशांच्या शिवणी, कोटांचे खिसे. नियम देशादेशाचे वेगळे असतात आणि बदलतही राहतात, तेव्हा त्या त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरचे ताजे वाचा, माझ्या शब्दावर जाऊ नका. आणि "कोण बघतंय" असं कुणी म्हणालं तर त्याचा राग धरू नका, बहुतेक वेळा ते प्रेमापोटीच म्हणतात.

राहिलं काय, तर सूप आणि पाट कोडोलीला राहिले. आक्का राहिल्या, चाची राहिल्या. गुऱ्हाळाचा वास राहिला. मी त्यांची यादी केली नाही.

संध्याकाळी मी शेवटची पेटी भरायला घेतली. पेटी क्रमांक सात. ओळ पहिली: वाकळ, सुती, वापरलेली, एक. पुढच्या रकान्यात, बी किंवा धान्य आहे का, त्यापुढे मी "नाही" लिहिलं आणि सही केली. मग घडी घालायच्या आधी चाचींचं वाक्य आठवलं म्हणून खिशात हात घातला. नुसताच. बोटं तळाशी गेली आणि कोपऱ्यातल्या शिवणीत काहीतरी टोचलं.

नखानं काढलं. जोंधळ्याचा एक दाणा. अख्खा, पांढरा, भोक नसलेला. चाचींच्या सुईतून, रेश्माच्या इस्त्रीतून, मलकापूरच्या उन्हातून वाचलेला.

मी खुर्चीवर बसले. समोर माझी सही होती. तो दाणा मला काडेपेटीत घालून बरोबर न्यायचा होता. पदराच्या गाठीत बांधायचा होता. किती लहान होता तो, कुणालाच दिसला नसता. कोण बघतंय?

मी तो दाढेखाली धरला आणि फोडला. कडकन फुटला.

"कोरडा हाय," मी म्हटलं. "भरा." आणि पेटी बंद केली.